नोजकोन कितीला पडतो?

पत्र दिंडोरी तालुक्यातल्या एका ताईंचं आहे. नाव-गाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून छापत नाही. थोडक्यात हकिगत अशी. मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. पुण्याला मावसभावाच्या वाढदिवसाला भाड्याच्या गो-कार्टमध्ये बसला आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. दोन वर्षं राष्ट्रीय कार्टिंगच्या ज्युनिअर गटात उतरतोय. गेल्या हंगामात एक शर्यत जिंकली, एकूण गुणांत चौथा आला. आता एक एजंट भेटलाय. तो म्हणतो, मुलात दम आहे, पुढच्या वर्षी पंधरा पूर्ण होतील, थेट युरोपात एफ-४ला (फॉर्म्युला-४, कार्टिंगनंतरची पहिली मोठी गाडी) घाला. एका हंगामाचे पावणेतीन कोटी, टेस्टिंगचे वेगळे. "आत्ता नाही तर कधीच नाही." वडील सहा एकर द्राक्षबाग गहाण टाकायला निघालेत. ताई लिहितात, "मला गाडीतलं काही कळत नाही. नाही म्हणायची हिंमत होत नाही आणि हो म्हटलं तर झोप लागत नाही. तो गाडीत बसला की मी देव्हाऱ्यासमोर बसते. बाग ठेवू की पोराचं स्वप्न, तुम्हीच सांगा."

ताई,

बाग गहाण टाकू नका. हे पहिल्याच ओळीत लिहितोय, कारण पुढचं सगळं दाजी वाचतीलच असं नाही. पोराला गाडीतून उतरवा असं मात्र मी म्हणत नाहीये. 'बाग की स्वप्न' हा प्रश्न मुळात तुमचा नाहीच, तो त्या एजंटाने तुमच्या ओटीवर आणून ठेवलाय. बागेच्या फाटकाशी उभा राहून व्यापारी म्हणतो, 'आजच सौदा करा, उद्या हा भाव नाही.' तेव्हा दाजी काय करतात? त्याला चहा पाजतात आणि आत जाऊन आणखी दोघांना फोन लावतात. इथेही तेवढंच करायचंय.

मी या सदराकडे वळलो त्याआधी आठ-नऊ वर्षं कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर सिंगल सीटर, म्हणजे एकाच माणसाच्या शर्यतीच्या, गाड्यांखाली आडवा पडायचो. आधी मेकॅनिक, मग डेटा, म्हणजे गाडीतल्या सेन्सरच्या नोंदी, बघणारा. त्यामुळे पुढचं लिहिलंय ते ऐकीव कमी आणि हाताला ग्रीस लागून कळलेलं जास्त.

आधी शिडी केवढी आहे ते बघा. कार्टिंगनंतर पंधराव्या वर्षापासून एफ-४. त्यावर प्रादेशिक पातळीची एफ-३, मग एफआयएची, म्हणजे मोटरस्पोर्ट्सच्या जागतिक महासंघाची, एफ-३, जिची गाडी साधारण ३८० अश्वशक्तीची. मग एफ-२, तिथे ६२०. त्याच्या वर एफ-१, आणि तिथे साऱ्या जगासाठी २० खुर्च्या होत्या, २०२६पासून कॅडिलॅकचा नवा संघ आल्याने २२. एफ-१मध्ये उतरायला सुपर लायसन्स लागतं. त्यासाठी वय साधारण अठरा आणि तीन हंगामांत मिळून ४० गुण. एफ-२मध्ये पहिल्या तिघांत आलात तर ते सगळे ४० एकदम मिळतात, एफ-३ जिंकलीत तर ३०, एफ-४ जिंकलीत तर १२. मॅक्स वेर्स्टापेन २०१५मध्ये सतराव्या वर्षीच एफ-१मध्ये येऊन बसला, त्यानंतर हा कडक हिशेब आला. एजंट एफ-४बद्दल बोलताना एफ-१चं नाव किती वेळा घेतो ते मोजा, आणि दर वेळी हा १२चा आकडा आठवा.

आता आपल्या मातीतलं उदाहरण. मुंबईचा जेहान दारूवाला. २०११मध्ये फोर्स इंडिया या एफ-१ संघाने देशभरातून मुलं शोधली, त्यात निवडलेल्या तिघांपैकी तो एक. २०१३ला ब्रिटनमध्ये केएफ-३ या ज्युनिअर कार्टिंग गटाचं विजेतेपद. २०१५ला फॉर्म्युला रेनो, २०१७ आणि २०१८ युरोपियन एफ-३, २०१९ला एफआयए एफ-३मध्ये एकूण तिसरा. मग एफ-२, एक-दोन नाही, चार हंगाम. सुरुवातीला रेड बुलच्या ज्युनिअर चमूत, २०२०च्या शेवटी बहरीनमधल्या साखीरला पहिला विजय, पुढे मॅक्लारेनने जुन्या एफ-१ गाडीत बसवून चाचणीही घेतली. ताई, या मुलाने जवळजवळ काहीच चुकवलं नाही. तरी एफ-१ची एकही शर्यत त्याच्या वाट्याला आली नाही, तो फॉर्म्युला-ईकडे, म्हणजे विजेवरच्या गाड्यांच्या शर्यतींकडे, गेला. मी याला अपयश म्हणत नाही. एफ-२मध्ये जिंकणारा माणूस जगातल्या चाळीस-पन्नास सर्वोत्तम चालकांत असतो. पण दाजींच्या मनात जे चित्र आहे ते पोडियम, तिरंगा आणि शॅम्पेनचं आहे. त्या चित्राशेजारी हेही टांगा.

कुश मैनी बंगळुरूचा. मे २०२५मध्ये त्याने मोनॅकोची एफ-२ स्प्रिंट (छोटी शर्यत) जिंकली, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. इटलीत तो एफ-४ चालवत होता ते २०१६ साली. मधली नऊ वर्षं कोणी स्टेटस ठेवलं नव्हतं, पण बिलं दर महिन्याला येत होती. जेहान काय आणि कुश काय, दोघांची घरं मोठ्या उद्योगांतली आहेत. याने त्यांची गुणवत्ता कमी होत नाही, पण दिंडोरीत बसून त्यांच्याशी बरोबरी करताना हे लक्षात असू द्या. आजवर एफ-१ची शर्यत चालवलेले भारतीय दोनच, २००५ला नारायण कार्तिकेयन आणि २०१०ला करुण चंडोक. आणि फक्त आपलंच नशीब खोटं असंही नाही. २०२२चा एफ-२ विजेता फेलिपे ड्रुगोविच आणि २०२३चा थिओ पूर्शेर, दोघंही जिंकून बसले आणि एफ-१मध्ये त्यांच्यासाठी खुर्ची रिकामी नव्हती.

पैशाचं बोलू. पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकवरच्या संघांच्या तळावर, बोलले जाणारे आकडे असे: युरोपात बऱ्या संघातला एफ-४चा हंगाम तीन ते पाच लाख युरो, म्हणजे आजच्या भावाने तीन ते पाच कोटी. तुमच्या एजंटाचा आकडा म्हणूनच स्वस्त वाटतो, आणि म्हणूनच मला त्यावर शंका आहे. एफआयए एफ-३ला दहा कोटींच्या वर, एफ-२ला पंचवीसच्या आसपास. हे सगळं एकेका वर्षाचं. बाहेरून गेलेल्या बहुतेक मुलांचं एफ-४चं पहिलं वर्ष ट्रॅक, टायर, पाऊस आणि भाषा शिकण्यात जातं, निकाल दिसायला लागतात दुसऱ्या वर्षी. म्हणजे तुमची सहा एकर बाग त्या मुलाला नेमकं शिकण्याचं वर्ष विकत घेऊन देणार, आणि दाखवण्याचं वर्ष आलं की घरात गहाण टाकायला काही उरलेलं नसणार. द्राक्षवाल्याला समजावून सांगायला नको. एप्रिलची छाटणी करायची आणि ऑक्टोबरची करायला पैसे नाहीत, असं कोणी करतं का?

एजंटाने तुम्हाला एस्तेबान ओकॉनची गोष्ट सांगितली असेल, सगळेच सांगतात. आईवडिलांनी घर विकलं, कॅरॅव्हॅनमध्ये राहून मुलाला शर्यतींना नेलं, मुलगा एफ-१मध्ये जिंकला. गोष्ट खरी आहे. पण वडील स्वतः गॅरेज चालवणारे होते, मुलाच्या गाडीला स्वतःचे हात लावणारे, आणि पुढच्या पायऱ्यांवर मर्सिडीजसारख्यांनी मुलाला उचललं. घर विकून परत आलेल्यांच्या गोष्टी मला माहीत आहेत. त्यातली एक सांगतो, कारण बागेबद्दल माझं मत तिथे बनलं.

एका संघात (नाव नको) मी डेटा बघायचो. सतरा वर्षांचा एक मुलगा होता. वडिलांनी राहता फ्लॅट विकून त्याला सीट घेऊन दिलेली. हे पॅडॉकमध्ये चहावाल्यालाही ठाऊक होतं, कारण वडीलच सांगायचे, अभिमानाने. प्रॅक्टिसमध्ये मुलगा आमच्या दुसऱ्या गाडीच्या बरोबरीने, कधी दोन दशांश पुढे. शर्यत सुरू झाली की सातवा, आठवा. गाडीत काहीतरी बिघडतंय म्हणून आम्ही अर्धी रात्र जागून चाकांचे कोन तपासले, डँपर (धक्के शोषणारे दांडे) बदलले. काही सापडेना. शेवटी मी प्रॅक्टिसचा आणि शर्यतीचा ब्रेकचा आलेख लॅपटॉपवर एकावर एक ठेवला. सगळा लॅप सारखा. फरक एकाच ठिकाणी, मोठ्या सरळ पट्ट्याच्या शेवटी. तिथे बाजूला दुसरी गाडी असली की हा सहा-सात मीटर आधी ब्रेकवर पाय ठेवायचा. एकटा असला की बरोबर जागेवर. मी त्याला दाखवलं. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "दादा, नोजकोन कितीला पडतो?"

नोजकोन म्हणजे गाडीचं पुढचं नाक. घासाघाशीत पहिलं तेच तुटतं. पोरगं दीडशेच्या वेगाने जाताना बिल करत होतं.

कार्टमध्ये गाडी आणि चालक मिळून ठरलेलं वजन भरावं लागतं. मुलगा हलका असेल तर सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्टने आवळतात. तुमच्या मुलाच्या सीटलाही असतील, जाऊन बघा, हातात घ्या, चार बोटांएवढी पट्टी केवढी जड लागते ते कळेल. बाग गहाण पडली की ती त्याच्या सीटला आवळली जाणार. त्याला कोणी काही बोललं नाही तरी. तुम्ही बोलणार नाही, पण काकू बोलेल, सोसायटीचा सेक्रेटरी बोलेल, पाव्हणे बोलतील.

आता त्याच्या चौथ्या नंबराचं. चांगला आहे, खरंच चांगला. पण तेवढ्यावर एफ-४चा अंदाज बांधता येत नाही. कार्टला सस्पेन्शन नसतं, ज्युनिअरच्या कार्टला गिअर नसतात, ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलला. वळणात आतलं मागचं चाक उचलून गाडी फिरवायची, ही सगळी कला. एफ-४मध्ये गाडीला खाली दाबणारे पंख आहेत, गिअर आहेत, ब्रेकवर अख्ख्या पायाचं बळ घालून मग ते मोजून-मापून सोडायचं असतं, आणि वीस मिनिटांत मान दुखायला लागते. कार्टमधले राजे इथे साधे ठरलेले मी बघितलेत आणि कार्टमध्ये सातवा-आठवा येणारा एक शांत मुलगा पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या पुढे गेलेलाही बघितलाय. तुमचा कुठला, हे मला माहीत नाही. एजंटालाही माहीत नाही. आणि हे कळायला पावणेतीन कोटी लागत नाहीत.

ते कळेल चेन्नईत. २०२३पासून भारतात एफआयएच्या मान्यतेची एफ-४ मालिका होते, मुख्यतः इरुंगट्टुकोट्टईला, आणि २०२४ला तर चेन्नईच्या रस्त्यांवर रात्रीची शर्यत झाली. सुपर लायसन्सचे गुण इथेही मिळतात. गंमत म्हणजे पहिल्या दोन्ही वर्षांची विजेतेपदं बाहेरच्या मुलांनी नेली, २०२३चं ऑस्ट्रेलियन मुलाने, २०२४चं दक्षिण आफ्रिकेच्या. लोक याला आपली नामुष्की म्हणतात. मी म्हणतो, घरबसल्या मोजपट्टी आली. युरोपात जाऊन ज्यांच्याशी तुलना करायची त्या तोडीची पोरं इथे येतायत. तुमच्या मुलाला एक दिवस, जमलं तर दोन दिवस, एफ-४ची टेस्ट करायला लावा. अट एकच: त्याच दिवशी, तसल्याच गाडीत, तसल्याच टायरवर, ज्याचा वेग माहीत आहे असा चालक असला पाहिजे. एकट्याने मारलेल्या लॅपचं टायमिंग म्हणजे एकट्याने लढवलेली कुस्ती. पहिल्या दिवशी संध्याकाळी तो एक-सव्वा सेकंदाच्या आत असेल आणि दुसऱ्या दिवशी ते अंतर निम्मं झालं असेल, तर पुढचं बोलू. अंतर तिथेच अडकलं असेल तर त्याला आणखी एक वर्ष द्या. हे एक-सव्वा सेकंद माझ्या अनुभवाचे आहेत, शास्त्र नव्हे.

त्याआधी त्याला कोइमतूरच्या एलजीबी एफ-४ मालिकेबद्दल माहिती काढायला सांगा. नावात एफ-४ असलं तरी ती एफआयएची एफ-४ नाही. मारुतीचं इंजिन, साधी गाडी, सगळ्यांना सारखी, आणि खर्च कितीतरी कमी. या गाड्या कोणाला फार सुंदर वाटत नाहीत. मला वाटतात, कारण त्यांच्यात पैशाला लपायला जागा नसते. वयात बसला की तिथला एक हंगाम त्याला घासाघाशी शिकवेल. मोटरस्पोर्ट्सच्या राष्ट्रीय महासंघाचं, एफएमएससीआयचं, लायसन्स त्याच्याकडे कार्टिंगचं असेलच, ते पुढच्या गटात बदलून घ्यावं लागेल.

वर्षाला यावर किती घालवायचे, हा आकडा मी सांगणार नाही. दाजींनी सांगावा. फक्त तो बागेच्या चांगल्या वर्षावरून काढू नका, गारपिटीच्या वर्षावरून काढा. त्या वर्षीही जेवढे देता आले असते तेवढे. आणि तो आकडा मुलाला सांगा. गहाणाचं ओझं पोरांना पेलत नाही, पण बजेट पेलतं. उलट 'एवढ्यात भागवायचंय' म्हटलं की ती टायर जपायला शिकतात.

एजंटाला मात्र तोंडी काही विचारू नका, ईमेल करा. पैसे संघाच्या खात्यात जाणार की तुमच्या? तुमचं कमिशन किती? टेस्टचे दिवस किती, नव्या टायरचे सेट किती, गाडी ठोकली तर खर्च कोणाचा? मुलाचा इंजिनिअर कोण आणि तो आणखी किती गाड्या बघतो? हंगाम मध्येच सोडावा लागला तर परत किती? आणि त्याच दिवशी संघाच्या अधिकृत पत्त्यावर वेगळा ईमेल करून तीच सीट थेट घेतली तर कितीला पडते ते विचारा. इंग्रजी मुलगा लिहील, लिहू द्या, त्यालाही कळू दे आपण काय विकत घेतोय. प्रामाणिक एजंट असतात, या प्रश्नांनी ते चिडत नाहीत. बहुतेकांना तर असा बाप भेटल्याचं बरं वाटतं.

शाळेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या वर्षी दहावी आहे. एजंटांच्या हिशेबात दहावी कधीच नसते. शाळा सुट्ट्या द्यायला तयार नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा, पण बसवाच. गणित सुटू देऊ नका. डेटा वाचता येणारा चालक संघाला स्वस्त पडतो, आणि चालक म्हणून नाही जमलं तरी हा खेळ इंजिनिअर, मेकॅनिक, प्रशिक्षक, समालोचक अशा कितीतरी लोकांना पोसतो. चंडोक आज टीव्हीवर काय छान बोलतो! कुशचा भाऊ अर्जुन मैनी एफ-२नंतर जर्मनीच्या डीटीएम मालिकेत छत असलेल्या गाड्या चालवायला लागला. चालक म्हणून पोट भरायचं असेल तर सिंगल सीटरपेक्षा तिकडे संधी जास्त आहेत. आपल्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश एफ-३पर्यंत जाऊन आला. दाजींना वाटतं तसा हा रस्ता एकेरी नाही.

आणि तुमची झोप. तुम्हाला बरं वाटावं म्हणून 'काही होत नाही' असं लिहिणार नाही. डोक्यावरची धातूची कमान, हेलो, मान धरून ठेवणारा हॅन्स, यांनी खूप जीव वाचवलेत. तरी ऑगस्ट २०१९मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर एफ-२च्या शर्यतीत आंत्वान ह्युबेर गेला, आणि जुलै २०२३मध्ये त्याच ट्रॅकवर पावसात अठरा वर्षांचा डिलानो व्हान्ट हॉफ. हे माहीत असूनही हजारो आया हो म्हणतात, काही नाही म्हणतात, आणि दोन्ही बरोबर असतात. तुम्हाला हो म्हणायचं असेल तर एक काम स्वतःकडे घ्या. हेल्मेट आणि बेल्ट. बेल्टवर मुदत छापलेली असते, ती वाचायची. हेल्मेट एकदा जोरात आपटलं की बाहेरून कितीही चांगलं दिसो, बदलायचं. बापांना टायरला पैसे सापडतात, हेल्मेटला सापडत नाहीत, हे मी पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात तिथे, कितीदा बघितलंय. स्क्रुटिनीच्या, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीच्या, रांगेत तुम्ही उभ्या राहा. गाडीतलं काही कळत नाही म्हणता, पण हे घरातल्या कोणापेक्षाही तुम्हाला चांगलं कळेल.

टेस्ट ठरली तर ती ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत घेऊ नका, दाजींचं लक्ष दोन्हीकडे राहील. संघाकडून दिवसभराचा डेटा पेनड्राइव्हवर मागून घ्या, देत नसतील तर तिथे टेस्टच करू नका. तो मला पाठवा, मी बघून सांगेन, पैसे घेणार नाही. आणि दाजींना माझा निरोप द्या: त्या दिवशी पिटच्या भिंतीपाशी स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं नाही. कँटीनमध्ये बसा, फिल्टर कॉफी चांगली मिळते, जेवायच्या सुट्टीत पोरगं स्वतःच येऊन सांगेल.